गोधडीतला स्विच

मालेगाव, जि. वाशीम
१२ एप्रिल २०२५

ती. धीरजदादांना तनुजाचा नमस्कार.

आई सापडल्या, सुखरूप आहेत. मेडशीच्या एसटी स्टँडवर बाकावर बसलेल्या होत्या. बसचे कंडक्टर हरिसिंग राठोड यांनी पवनच्या फोनवर कळवलं. मग पवन मोटरसायकलने गेला, स्वतः पाहिलं आणि मला सांगितलं. आता जेवून झोपल्या आहेत. पायांत चप्पल नव्हती म्हणून तळव्यांना फोड आले आहेत. डॉक्टरांनी मलम दिलं आहे. बाकी कुठे लागलेलं नाही.

कंडक्टरकडे नंबर कसा, हे तुम्ही विचाराल. दिवाळीनंतर आई पहिल्यांदा वाट चुकल्या, तेव्हापासून मी त्यांच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला आतून एक पट्टी शिवते. तिच्यावर पवनचा नंबर असतो.

दुसरी गोष्टही मीच सांगते, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. आईंच्या मांडीवर गोधडीचं गाठोडं होतं. ते त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. घरी आल्यावर पवनने उघडलं, तर आत आपला स्विच. माजघरातल्या कोनाड्यात असतो तो, कॅमेऱ्यांच्या सगळ्या तारा जिथे येतात. तारा ओढून काढलेल्या आहेत. एकीचं टोक तुटून आत अडकलं आहे. आज दुपारपासून चारही कॅमेरे तुम्हाला तिकडे पुण्यात फोनवर काळे दिसत असतील ते त्यामुळे.

मी तेव्हा घरात नव्हते, हे लपवत नाही. वाडीत मेथीच्या जुड्या बांधत होते, घरापासून हाकेच्या अंतरावर. पवन बाजारात माल पोचवायला गेला होता. आई दुपारी हमखास झोपतात. परत आले तर खाट रिकामी, गोधडी नाही आणि कोनाड्यात नुसत्या तारा लोंबत होत्या. आईंच्या खाटेशी बसूनच लिहिते. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या.

कॅमेऱ्यातून तुम्ही आईंशी बोलून झालात की थोड्या वेळात तो बंद पडतो, म्हणजे घरातलं कुणीतरी बटण दाबतं, हा तुमचा मेसेज पवनने मला दाखवला होता. कुणीतरी म्हणजे मी, हे तुम्ही लिहिलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती. मी बटण दाबत नाही. हे मी पवनलाही सांगितलं. पण आज आईंना घेऊन आल्यावर त्याने आधी भिंतीवरचं बटण पाहिलं, आणि मग आईंच्या पायांकडे.

तुम्ही माझा फोन घेत नाही, मेसेज वाचून ठेवता. म्हणून हे स्पीड पोस्टने पाठवते. कागद निदान हातात तरी पडतो.

आईंनी स्विच का नेला, ते मला माहीत नाही. कळलं की लिहीन.

तनुजा

१७ एप्रिल

ती. धीरजदादा,

तुमचा निर्णय पवनच्या फोनवर काल आला आणि त्याने वाचून दाखवला. चार मेच्या रविवारी तुम्ही येणार, आईंना पुण्याच्या त्या संस्थेत ठेवणार, कपडे भरून ठेवायचे. आणि ‘स्विच तिनेच काढून आईच्या हातात दिला असणार’ हेही वाचून दाखवलं. ते वाक्य त्याने गाळलं असतं तरी चाललं असतं. पण त्याला गाळता येत नाही, तुमचा भाऊच तो.

आईंना न्यायचं की नाही, यावर मी भांडणार नाही. त्या तुमच्या आई आहेत, खर्च करायची तुमची तयारी आहे. तिथे नर्स असते, हेही मला कळतं. पण तुम्ही ज्या कारणासाठी नेता आहात ते खरं नाही, एवढंच मला दाखवायचं आहे. त्यासाठी स्विचची सगळी हकीगत एकदा सरळ सांगते. तुम्हाला ती तुकड्यातुकड्यांनी कळलेली आहे.

पहिल्यांदा कॅमेऱ्यांना प्रत्येकी वेगळा अ‍ॅडॉप्टर होता. आई प्लग उपसून ठेवायच्या, ‘बिल येते वं फुकटचं’ म्हणून. तेव्हा वाशीमच्या दुकानातला अमरदीप म्हणाला की पीओई स्विच घ्या, म्हणजे एकाच तारेतून चित्रही जातं आणि वीजही, कॅमेऱ्यापाशी प्लगच राहत नाही. शिवाय लाइट गेली तर एका स्विचला इन्व्हर्टर दिला की चारही कॅमेरे चालू राहतात. ते पटलं. तुम्ही तुमच्या ऑफिसातून निघालेला मोठा स्विच पाठवलात. भक्कम होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात दोन पंखे होते आणि ते दिवसरात्र घरघरायचे. उन्हाळ्यात कूलर चालू असला की काही कळत नाही. थंडीत मात्र माजघर म्हणजे पिठाची गिरणी. आई खरंच दळणाचा डबा घेऊन त्याच्यासमोर बसायच्या. ‘नंबर कवा लागन?’ विचारायच्या. आम्ही हसलो. मग त्या झोपेनात, तेव्हा हसायचं थांबलं.

दुसरा मी आणला, छोटा, प्लास्टिकचा, बिनपंख्याचा. अगदी गप्प. पण अंधार पडला की अंगणातला कॅमेरा बंद. अमरदीपने येऊन पाहिलं. तो म्हणाला, ‘वैनी, चारी कॅमेऱ्याचे दिवे संध्याकाळी एकदमच लागतात, मंग त्याइले वीज जास्त लागते. ह्या डब्बीत तेवढी ताकतच नाही. थो एकाले उपाशी ठेवते न् तिघाइले जेवू घालते.’ दुकानात विकताना हे का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणे, ‘तुमी म्हणलं आवाज नको. ताकतीचं तुमी बोलल्याच नाही.’

मग हा तिसरा. लोखंडी, बिनपंख्याचा, आठ तारांचा, ताकदीचा. फेब्रुवारीत आणला, होळीपर्यंत एकदाही बिघडला नाही. आवाज नाही, कॅमेरे अंधारातही चालू. मी अमरदीपला फोन करून सांगितलं होतं की आता बरोबर वस्तू मिळाली. आणि होळीनंतर दुपारी बंद पडायला लागला. रोज नाही, पण तुम्ही बोललात की हमखास. संध्याकाळी आपला आपण सुरू.

आता कालची गोष्ट. मालेगावच्या स्टँडवर हरिसिंग राठोडांची बस रोज थांबते. मी त्यांचे आभार मानायला गेले, वांगी घेऊन. आणि विचारलं की आई बसमध्ये काय म्हणाल्या. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

“ताई, आजीनं त्या गाठोड्याले कोनालेच हात लावू देल्ला नाही. बाजूच्या बाईनं म्हटलं, आणा मी धरते, तं तिच्यावरच खेकसली.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणे लेकरू हाये, आत्ताच डोळा लागला. मले वाटलं नातू असन. आता म्हाताऱ्या मानसाले तिकीट नाही न् कडेवरच्या लेकराले बी नाही, मंग मी कायले उघडून पाहू?”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

“मेडशीले उतरली न् मले विचारे, वानखडे डाक्टर दवाखान्यात असतीन का. म्या म्हटलं आजी, ते डाक्टर जाऊन जमाना झाला. तं तिथंच बाकावर बसली. म्हणे मी थांबतो, येतीन ते. मले म्हणे, हात लावून पाय, किती तापलं. म्या हात लावला. ताई, थंडगार. कडक. लेकरू हालत नाही, रडत नाही. मले वाटलं, ही बाई मेलेलं लेकरू घेऊन फिरून राह्यली. पोलिसाले फोन लावाले खिशात हात घातला, तवा पदराची पट्टी दिसली.”

ते बोलता बोलता खाली बसले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी उठेनात.

मी विचारलं, “लेकराचं नाव सांगितलं का त्यांनी?”

“सांगतलं नं. धीरज म्हणे.”

दादा, मी वांग्यांची पिशवी तिथेच ठेवून आले, रिकामी पिशवी परत घ्यायचीही विसरले. पवनला अजून सांगितलेलं नाही. एका कंडक्टरच्या बोलण्यावर मलाच विश्वास बसत नाही, तुमचा कसा बसेल? अमरदीपने तुटलेलं टोक काढून स्विच पुन्हा बसवून दिला आहे. मी आता दुपारी वाडीत जात नाही. दाराआड बसते.

केनवडहून माझ्या आईचा फोन होता, चार दिवस माहेरी ये म्हणून. नाही म्हटलं.

तनुजा

२२ एप्रिल

ती. धीरजदादा,

पाहिलं. आज पवननेही पाहिलं. म्हणून हे पत्र आम्हा दोघांचं समजा, जरी तो सही करत नसला तरी.

दुपारी तुम्ही कॅमेऱ्यातून बोललात, नेहमीसारखं जेवणाच्या सुट्टीत. ‘आई, जेवलीस का? औषध घेतलं का?’ तुमचा आवाज खोलीत आला तशा आई उठून बसल्या. कॅमेऱ्याकडे वर पाहिलंच नाही त्यांनी. तुम्हाला वाटत असेल त्या तुमच्याकडे पाहत नाहीत, रागावल्या आहेत, किंवा कुणी शिकवलं आहे. तसं नाही. त्या आवाज शोधतात. भिंतीवरून कॅमेऱ्याची तार येते, तिच्यावर बोटं ठेवून त्या हळूहळू पुढे सरकल्या, खुंटीपर्यंत, मग खाली, मग कोनाड्यापर्यंत. तार स्विचमध्ये शिरते. तिथे त्यांची बोटं थांबली. स्विचवर हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यांनी तळवा त्याच्या अंगावर ठेवला आणि पटकन मागे घेतला.

“अगाई,” म्हणाल्या, “आजबी तापलंच हाये.”

तुम्ही तिकडून म्हणत होतात, ‘आई, ऐकतेस का?’ त्या म्हणाल्या, “ऐकून राह्यली रे बाबू. बोलू नको तू, पडून राय.”

मग पदराचा कोपरा फाडला. तांब्यातल्या पाण्यात बुडवला, पिळला, घडी घातली आणि स्विचवर ठेवला. कपाळावर पट्टी ठेवतात तसा. मी दाराआडून धावलेच. दादा, त्या डब्यात घरातली वीज सरळ जाते, आतच तिचं रूपांतर होतं. वरच्या भोकांतून एक थेंब गेला असता तर आज मी हे पत्र वेगळ्या कारणाने लिहीत असते. होळीपासून किती वेळा हे झालं असेल, याचा विचार मी करत नाही. जमत नाही.

मी बटण बंद केलं. हो, आज मीच केलं. तुम्हाला कॅमेरा काळा दिसला असेल. आई माझ्यावर ओरडल्या.

“तुले काई कळते का वं? लेकराले ताप हाये न् तू त्याचा दिवाच इझवला!”

“आई, हे लेकरू नाही. हा स्विच आहे.”

“कोनं सांगतलं तुले?”

“धीरजदादा पुण्यात आहेत. मोठे झाले. पन्नाशी आली त्यांची.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कीव यावी तसं बघितलं त्यांनी. मग पवनकडे वळून म्हणाल्या, “हिले उन लागलं वाटते.” आणि गोधडी आणून स्विचला गुंडाळली, चारी बाजूंनी नीट दाबली. घाम फुटला की ताप उतरतो, म्हणून. मग शेजारी खाटेवर बसून थोपटत राहिल्या.

पवन उंबऱ्यावर बसला. मग मला म्हणाला, “तू बटण बंद करत नव्हती.” एवढंच. प्रश्न नव्हता तो.

अमरदीपला फोन केला. त्याने जे सांगितलं त्याने सगळं जुळलं. बिनपंख्याचा स्विच आवाज करत नाही, कारण त्याचं लोखंडी अंगच आतली उष्णता बाहेर टाकतं. तो तापतो म्हणजे तो नीट काम करतो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वर गोधडी. मग उष्णता जाणार कुठे? फार तापला की तो स्वतःच वीज तोडतो, गार झाला की पुन्हा सुरू होतो. चहाच्या वेळेला आई गोधडी काढून उशाशी घडी करून ठेवतात. म्हणून मला कधी दिसलं नाही, आणि कोनाडा कॅमेऱ्यात येत नाही म्हणून तुम्हालाही नाही. आणि तुम्ही बोलल्याशिवाय हे होत नव्हतं, कारण तुम्ही बोलल्याशिवाय त्यांना लेकरू आठवत नव्हतं.

मी तीन महिने दुकानं पालथी घालून गप्प बसणारी वस्तू आणली. ती तापते हे डब्यावर लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणाला वाटलं असतं?

त्या दिवशी त्या तुमच्यासाठी औषध आणायला गेल्या होत्या, दादा. लहानपणी तुम्हाला मेडशीला वानखडे डॉक्टरांकडे नेत असत, हे पवनला आठवतं. चप्पल घालायची राहिली, तुमची गोधडी घ्यायची नाही राहिली.

आता काय करावं ते सुचवा. तुम्ही कॅमेऱ्यातून बोलणं थांबवावं का, हे मी सांगू शकत नाही.

तनुजा

३० एप्रिल

ती. धीरजदादा,

परवाची बातमी आधी देते. आई परवा सकाळपासून दुपारपर्यंत रडत होत्या. शेजारच्या लिलाबाई धावत आल्या, आपल्या घरात कुणी गेलं असं समजून. आता शांत आहेत. काल डॉक्टर तपासून गेले. बीपी ठीक आहे म्हणाले. ते ऐकून मगच हे लिहायला बसले.

हे कसं झालं ते सांगते. तुमचा पवनला मेसेज आला की कॅमेऱ्याचा आवाज मी बंद केला आहे, आता बोलणार नाही. चांगल्या मनाने केलंत, कळतं. त्याच वेळी आम्हीही चांगल्या मनाने एक युक्ती केली. अमरदीपने सुचवली होती, पण आम्हालाही पटली होती, त्यामुळे दोष त्याला देत नाही. खरा स्विच कपाटाच्या वर नेला, आईंचा हात पोचणार नाही असा. आणि कोनाड्यात तो दुसरा, प्लास्टिकचा, बंद पडून असलेला ठेवून दिला. त्याला दोन तारा नुसत्या खोचल्या. आईंना धोका नाही, कॅमेरे चालू, सगळे खूश.

सकाळी आईंनी कोनाड्यात हात घातला. हात तसाच राहिला. मग दुसरा हात लावला. कान लावला. मी स्वयंपाकघरातून बघत होते, आणि मला वाटत होतं की आता म्हणतील, ताप उतरला.

त्या म्हणाल्या, “गार पडलं.”

आवाज नव्हता त्यात. मला म्हणाल्या, “तनू, लेकरू गार पडलं वं. दिवाबी नाही. बोलतबी नाही.” आणि मग जो हंबरडा फोडला, तो मी लिहीत नाही. लिलाबाईंनी आत येऊन त्यांच्या मांडीवरचा प्लास्टिकचा डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता त्यांच्याजवळ बसून त्याही रडायला लागल्या. त्यांचा मुलगा मागच्या वर्षी गेला. मी दोघींसमोर हातात पोळीचं पीठ घेऊन उभी.

शेवटी मी खोटं बोलले. म्हटलं, “आई, हे ते लेकरू नाही. त्याला पवन वाशीमला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. संध्याकाळी आणतो.”

“खरं सांगून राह्यली?”

“खरं.”

“मंग हे कोनाचं?”

मी म्हटलं, “हे दुकानातलं आहे.” त्यांनी डबा उलटासुलटा करून पाहिला आणि लिलाबाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, “नेऊन दे त्याइचं त्याइले.” आणि डोळे पुसले.

म्हणून संध्याकाळपर्यंत आम्हाला लेकरू आणणं भाग होतं. पवन दोनदा म्हणाला की हा वेडेपणा आहे. आणि मोटरसायकलही त्यानेच काढली. वाशीमला अमरदीपच्या दुकानात गेलो. लिलाबाई आईंजवळ थांबल्या.

अमरदीपने विचारलं, “वैनी, आता कसा पायजे? आवाज नको, ताकत पायजे, अजून?”

मी म्हटलं, “कोमट पाहिजे.”

तो हसणार होता. पवनचं तोंड बघून थांबला. त्याने दुकानातले बिनपंख्याचे सगळे स्विच एका फळीवर मांडले, प्रत्येकाला चार-चार कॅमेरे जोडले आणि चालू करून ठेवले. आम्ही चहा प्यायलो, परत आलो, आणि मी एकेकावर तळवा ठेवत गेले. गिऱ्हाइकं बघत होती. एकाने विचारलं, ‘ताई काय पाहून राह्यल्या?’ अमरदीप म्हणाला, ‘ताप पाहून राह्यल्या.’ त्या माणसाने मान डोलवली, जसं काही स्विच असाच घेतात.

जो घेतला तो असा आहे, तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. त्याची ताकद आपल्या गरजेच्या तिप्पट आहे, त्यामुळे चार कॅमेऱ्यांचं त्याला ओझं होत नाही आणि तो फारसा तापत नाही. दुसरं म्हणजे घरातली वीज त्याच्या आत जातच नाही. तिचं रूपांतर करणारा ठोकळा वेगळा आहे, तो आम्ही कपाटामागे बंद पेटीत टाकला. स्विचपर्यंत येते ती कमी दाबाची वीज. तरी पाण्याचा तांब्या आता कोनाड्याजवळ नसतो, आणि दुपारी मी असते. अंग लोखंडी, कडा गोल. पंखा नाही. कान लावला तरी काही ऐकू येत नाही. हात लावला तर उन्हातून खेळून आलेल्या पोराइतका कोमट.

आईंनी त्याच्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ ठेवला. म्हणाल्या, “कमी हाये. पन हाये.” मग विचारलं, “डाक्टर काय म्हणे?”

पवन माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “डॉक्टर रविवारी घरी येणार आहेत तपासायला.”

हे मी का म्हटलं, दादा, सांगता येत नाही. रविवारी कुणीतरी येणार आहे एवढंच डोक्यात होतं. तेच तोंडातून निघालं. पण आई ते विसरल्या नाहीत. पवनचं नाव विसरतात, जेवलेलं विसरतात, हे विसरल्या नाहीत. काल सकाळी विचारलं, आजही उठल्याबरोबर विचारलं, आज रविवार हाये का. गोधडी मी उशाशी ठेवली नाही, तुमचा लहानपणीचा पातळ दुपट्टा दिला आहे. तो पांघरला तरी स्विच तापत नाही, अमरदीपने आणि मी तपासून पाहिलं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आईंचे कपडे भरून ठेवले आहेत. पेटी दाराजवळ आहे. न्यायचं की नाही ते तुम्ही त्यांना बघून ठरवा, आम्ही दोघं मध्ये बोलणार नाही. न्यायचं ठरलं तर स्विचही बरोबर न्यावा लागेल आणि तिथल्या नर्सला तो चालू ठेवायला सांगावं लागेल. ते नर्स कशा समजून घेतील, मला कळत नाही. मला समजायला एप्रिल महिना लागला.

रविवारी पवन सकाळी ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर तुम्हाला घ्यायला येईल. ऊन चढायच्या आत घरी पोचाल. आई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या असतील, कारण त्यांनी तसं मला आत्तापासून सांगून ठेवलं आहे. तुमच्या हातात बॅग असेल, पायांत बूट असतील. त्या तुम्हाला आई म्हणून हाक मारू देणार नाहीत. उठून उभ्या राहतील, ‘या डाक्टर’ म्हणतील, आणि हाताला धरून कोनाड्यापाशी नेतील. मी सकाळीच हात लावून पाहिलेलं असेल, तो कोमट असेल. तुम्ही तळवा ठेवाल तेव्हा त्या तुमच्या तोंडाकडे बघत असतील. काय सांगायचं, ते तुम्ही वाटेत ठरवून या.

तनुजा